कृष्णेचा पाऊस आपल्याकडे पडतो, मग पाणी खालच्या राज्यांना का सोडायचं?

तुम्ही विचारलंय की कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, पाऊस आपल्या घाटावर पडतो, कोयना, वारणा, उजनी ही धरणं आपल्या पैशातनं आणि आपल्याच माणसांच्या जमिनी बुडवून झाली, मग कर्नाटक, तेलंगणा, आंध्रला शेतीसाठी पाणी सोडायचंच कशाला, आणि समजा नाही सोडलं तर कोण काय करणार. आमच्या गावात पारावर पण दर उन्हाळ्यात हाच विषय निघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मी कुठला ते सांगतो कारण उत्तर त्याच्यावर अवलंबून आहे. मी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातला, आमची शेती उपसा योजनेच्या कालव्यावर अगदी टेलला. म्हणजे राज्य धरलं तर मी वरचा, आणि कालवा धरला तर सगळ्यात खालचा. दोन्हीकडून बघायची सवय लागलीय.

"पाऊस आपल्याकडे पडतो" याच्यातलं आपल्याकडे म्हणजे नेमकं कुठं हो? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून दीड-दोनशे किलोमीटरवर आमच्या जत तालुक्यात पाचशेच्या आसपास. पाऊस जिथं पडतो त्याचंच पाणी हा नियम लावला तर कृष्णेवर हक्क पाटण, जावळी, महाबळेश्वरवाल्यांचा, आणि जमिनी बुडाल्या त्या पण त्यांच्याच. मग जत, कवठेमहांकाळ, सांगोला, मंगळवेढ्याला म्हैसाळ उपसा योजनेचं कृष्णेतलं पाणी कुठल्या तोंडानं मागायचं? आम्ही मागतो ते असं म्हणून की नदी सगळ्या खोऱ्याची आहे, ज्याला गरज आहे त्याला वाटा मिळाला पाहिजे. हेच वाक्य विजापूरचा शेतकरी बोलतो, नलगोंड्याचा बोलतो आणि पार खाली कृष्णा जिल्ह्यातला भातवाला पण बोलतो. राज्याची हद्द आली की वाक्य खोटं ठरतं असं काही मला पटत नाही.

वरच्याचंच सगळं, ही भूमिका जगात घेतली गेलीय. १८९५ ला अमेरिकेचे अॅटर्नी जनरल जडसन हार्मन यांनी रिओ ग्रांडे नदीबद्दल मेक्सिकोला साधारण असंच सांगितलं की आमच्या हद्दीतल्या पाण्याचं आम्ही काय वाट्टेल ते करू. पण पुढं ११ वर्षांत, १९०६ ला, अमेरिकेनं मेक्सिकोशी तह करून दरवर्षी ठरलेलं पाणी द्यायचं कबूल केलंच. आपल्याकडे तर राज्यघटनेतच २६२ वं कलम आहे, त्याखाली १९५६ चा आंतरराज्य पाणी तंटा कायदा आला, आणि लवाद बसतो तो याच कायद्यानं. कावेरीच्या निकालात सुप्रीम कोर्टानं २०१८ ला स्पष्ट सांगितलं की नदी ही राष्ट्रीय संपत्ती आहे, कुठलंच राज्य तिच्यावर एकट्याची मालकी सांगू शकत नाही. म्हणजे "नाही सोडलं तर कोण काय करणार" याचं उत्तर, कोर्ट करतं, आणि केलेलं आहे.

आता कृष्णेचं वाटप. १९६९ ला बच्छावत लवाद नेमला, १९७३ ला निवाडा, १९७६ ला त्याच्यावरचा पुढचा अहवाल. नदीत भरवशाचं पाणी २०६० टीएमसी धरलं आणि त्यातलं महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७००, तेव्हाच्या अखंड आंध्रला ८००. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर १ टीएमसी पाणी साधारण २८०० हेक्टरवर एक मीटर उंच उभं राहील. उसाला वर्षात ढोबळमानानं दोन मीटर तरी लागतं, म्हणजे पाटात थेंबही मुरला नाही असं धरलं तरी १ टीएमसीत १४०० हेक्टर ऊस, मुरतं-उडतं ते वजा केल्यावर किती उरतो ते तुम्हीच बघा. हे आकडे डोक्यात असले की पेपरातलं "अमुक टीएमसी पळवलं" वाचताना आपल्याला काहीतरी अंदाज येतो.

आणि ५६० आपले, ते सगळे शेतीला मिळतात असं पण नाही. कोयनेचं ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीज करून पश्चिमेला कोकणात सोडायची मुभा निवाड्यातच आहे, मुळशीकडच्या टाटांच्या धरणांचं वेगळं, दोन्ही मिळून शंभर टीएमसीच्या वर जातं. पोफळीहून ते पाणी वाशिष्ठीत जातं आणि पुढं अरबी समुद्रात. वीज लागते हे मान्य, पण आपल्या वाट्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा खोऱ्याच्या बाहेर जातो आणि आपण मात्र कर्नाटकला पाणी गेलं म्हणून हळहळतो. पाणी पळवलं म्हणणाऱ्यांनी एकदा पश्चिमेकडं पण बघावं, मला मनापासून वाटतं.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. पाणी किती हे वाटपात ठरतं, भांडण मात्र ते कधी मिळणार याच्यावरनं होतं. हे मला कुठल्या निवाड्यानं नाही, एका रात्रीनं शिकवलं.

२०१३ सालची गोष्ट, दुष्काळाचं वर्ष. दोन एकर गहू चिकात आला होता, म्हणजे दाणा दाबला की दूध निघतं ती वेळ, तेव्हा एक पाणी चुकलं की दाणा भरत नाही. आमचं बारं, म्हणजे पाण्याची पाळी, रात्री दहाला लागणार होतं. मी आणि अण्णा बॅटरी, खोरं घेऊन नवालाच पोटचारीवर जाऊन बसलो. दहा झाले, अकरा झाले, चारी कोरडीच. बारा वाजून गेल्यावर पाणी आलं. कोरड्या चारीतलं पहिलं पाणी तुम्ही बघितलंय का कधी, ते पाण्यासारखं दिसतच नाही, पुढं पालापाचोळा, काटक्या, फेस, त्याच्यावर जीव वाचवायला चढलेले किडे, आणि त्या सगळ्याला ढकलत मागनं गढूळ पाणी सरकत येतं, भेगांत शिरताना बुडबुड आवाज करतं. अण्णांनी दारं धरलं, दोन वाफे भरतायत न भरतायत तोवर धार करंगळीएवढी झाली.

आम्ही चारीच्या कडेकडेनं वर चालत गेलो, दोन-अडीच किलोमीटर. वर एकानं आपलं दारं उघडलेलं, पाणी त्याच्या मक्यात. अण्णा रागानंच बोलले. तो शांतपणे म्हणाला, "आण्णा, मी काय चोरी करतोय व्हय? माझं बारं चारपतूर हाय, पाटकऱ्यानं लिवून दिलंय." आणि त्यानं खिशातनं पाटकऱ्याची, म्हणजे कालव्याचं पाणी वाटणाऱ्या माणसाची, चिठ्ठी काढून बॅटरीच्या उजेडात दाखवली. खरंच लिहिलेलं होतं. आमच्या चिठ्ठीवर दहापासून आमचं लिहिलेलं, ते पण खरं. झालं असं होतं की मुख्य कालव्यालाच पाणी उशिरा आलं, वरच्यांची बारी पुढं सरकली, त्याला नवीन वेळ लिहून दिली आणि खाली आम्हाला कुणी कळवलंच नाही. अण्णा काहीच बोलले नाहीत, परत फिरलो. आमच्या वाट्याचं पाणी तीन दिवसांनी मिळालं, तासाला तास पूर्ण मिळालं, कागदावर आमच्यावर काहीही अन्याय झाला नाही. गहू मात्र बारीक पडला, पोतं भरलं तरी वजन भरेना.

दोन राज्यांमध्ये पण नेमकं हेच होतं, फक्त चिठ्ठ्या मोठ्या असतात. कावेरीचं बघा. कर्नाटकनं तामिळनाडूला वर्षाला किती द्यायचं त्याचा आकडा आहे, सुप्रीम कोर्टानं तो १७७.२५ टीएमसी केला, पण त्याच्या आत महिन्यामहिन्याचं वेळापत्रक आहे, जूनला ९.१९, जुलैला ३१.२४, ऑगस्टला ४५.९५ असं, आणि ते हद्दीवर बिलिगुंडलूला केंद्रीय जल आयोग मोजतो. का, तर खाली मेट्टूर धरण १२ जूनला उघडायची रीत आहे, कुरुवै भाताची लावण त्याच्यावर. जून-जुलैचं पाणी ऑक्टोबरात एकदम मिळालं तर हिशोब जुळतो पण भात जात नाही जमिनीत. पावसाळा चांगला असला की कावेरीची बातमी पण येत नाही, कारण धरणं भरून सांडव्यावरनं आपोआप खाली जातं. पाऊस ओढ देतो त्याच वर्षी बंद, जाळपोळ, कोर्ट. २०१६ ला बंगळुरूत बसेस जाळल्या ते सप्टेंबरातलं.

उलटं उदाहरण आपल्याच बाभळीचं. नांदेड जिल्ह्यात गोदावरीवर बाभळी बंधारा, साठा पावणेतीन टीएमसीच्या आसपास, काही फार मोठा नाही. आंध्र कोर्टात गेलं कारण खाली त्यांचं पोचमपाड म्हणजे श्रीरामसागर धरण आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत निकाल लागला, बंधारा राहू द्या, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर उचललेले पाहिजेत आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. म्हणजे पावसाळाभर पाणी डोळ्यादेखत खाली जाणार आणि ऑक्टोबर संपताना दरवाजे टाकायचे, तोवर नदीला जे राहिलं असेल ते आपलं. पाऊस लवकर संपला त्या वर्षी बंधाऱ्यात येणार काय? पाणी किती हा प्रश्न तिथं कोर्टात सुटला, गोदावरीच्या त्या टप्प्यातल्या आपल्या हक्काच्या ६० टीएमसीतच तो बंधारा बसतो. तारखेनं घात केला. तिथल्या शेतकऱ्यांचं दुखणं मला पटतं, अगदी आमच्या गव्हासारखं आहे.

दुसरी गोष्ट कमी पावसाच्या वर्षाची. बच्छावतांचे २०६० टीएमसी हे ७५ टक्के भरवशाचे, म्हणजे शंभरातली पंचाहत्तर वर्षं तेवढं किंवा जास्त पाणी येईल. राहिलेली पंचवीस? त्या वर्षी तूट कुणी किती सोसायची? लवादानं दोन योजना मांडल्या होत्या, अ आणि ब. अ मध्ये ठरलेले आकडे, ब मध्ये कृष्णा खोऱ्याचं एक प्राधिकरण आणि त्याच्यामार्फत जास्तीचं पण वाटून घ्यायचं आणि तूट पण वाटून घ्यायची. अंमलात आली ती अ. ब तशीच राहिली, राज्यांचं एकमत नाही. जास्तीचं पाणी सगळ्यात खाली असलेल्या आंध्रला वापरायला मुभा दिली, पण त्याच्यावर हक्क सांगायचा नाही अशी अट घालून. मला विचाराल तर कृष्णेतली निम्मी कटकट त्या बाजूला राहिलेल्या ब योजनेत आहे.

आणि ही कल्पना काही परदेशातनं आणायला नको. धुळ्याकडं पांझरा नदीवर फड पद्धत होती, अजून काही ठिकाणी चालते. बंधाऱ्याखालची जमीन चार फडात वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक, आणि प्रत्येकाचा प्रत्येक फडात तुकडा. पाणी कमी असलं की फड कमी भिजवायचे, एकच भिजला तरी त्यात सगळ्यांचा तुकडा आहेच. म्हणजे टंचाई आली की ती आपोआप सगळ्यांवर सारखी येते, भांडायला जागाच नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांना हे सुचलं. टंचाईचं वाटप टंचाई यायच्या आधी ठरलं पाहिजे, कारण चारी कोरडी पडल्यावर रात्री बारा वाजता चिठ्ठ्या दाखवून काही ठरत नसतं.

तुम्ही म्हणाल, राज्याबाहेरचे ते परके, आपल्यात आपण समजून घेऊ. घेतो का? जायकवाडी बघा. सगळं महाराष्ट्रातच, गोदावरी एकच, वर नाशिक-नगर, खाली मराठवाडा. २००५ च्या कायद्यात समन्यायी वाटपाचं कलम आलं, मेंढेगिरी समितीनं सूत्र दिलं की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतनं सोडायचं, हायकोर्टानं २०१६ ला ते उचलून धरलं. तरी २०२३ ला ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला तेव्हा वरचे कोर्टात, खालचे रस्त्यावर. नाशिक-नगरचे लोक तेव्हा अगदी तुमचंच वाक्य बोलत होते, धरणं आमची, जमिनी आमच्या बुडाल्या. आणि त्यांचं दुःख पण खोटं नाही, त्यांची पेरणी त्या पाण्याच्या भरवशावर झालेली असते, ऑक्टोबर सरत आल्यावर आदेश येतो. परत तेच, वेळ. सूत्र आहे पण ते जूनपासून सगळ्यांच्या डोळ्यासमोर चालत राहिलं पाहिजे, दर पंधरा दिवसाला साठ्याचा आकडा आणि आत्ता वर्ष संपलं तर कुणाला किती सोडावं लागेल हे गावात फलकावर लागलं पाहिजे, म्हणजे वरचा शेतकरी ऊस लावायचा का हरभरा ते आधीच ठरवेल.

कृष्णेचं पुढं काय झालं ते थोडक्यात. बच्छावतांचा निवाडा २००० पर्यंत बदलायचा नव्हता. २००४ ला ब्रिजेशकुमार लवाद आला, २०१० ला त्यांनी महाराष्ट्राला ६६६ टीएमसीपर्यंत वाढवून दिलं, कर्नाटकला त्यांच्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६ वरनं ५२४.२५६ मीटर करायला परवानगी दिली. पण आंध्र कोर्टात गेलं, २०११ ला सुप्रीम कोर्टानं तो गॅझेटमध्ये छापायलाच मनाई केली, मग तेलंगणा झालं आणि त्यांचं आपसातलं वेगळंच सुरू झालं. त्यामुळे वाढीव आकडे अजून कागदावरच.

अलमट्टीवर तुम्ही काही विचारलं नाही पण सांगलीचा माणूस असून त्याच्यावर न बोलणं जमणार नाही. २००५, २०१९, २०२१ चे पूर आम्ही बघितलेत, २०१९ ला मावशीच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं, भिंतीवरची ती रेघ अजून पुसलेली नाही. उंची वाढली तर फुगवटा वाढेल ही भीती इथं घराघरात आहे आणि आपलं सरकार उंचीला विरोध करतंय ते बरोबरच आहे. पण बघा ना, इथं वरच्या राज्याला खालच्या राज्यानं पाणी वेळेवर खाली सोडावं अशी गरज पडते. उन्हाळ्यात त्यांना आपल्याकडनं पाणी पाहिजे, पावसाळ्यात आपल्याला त्यांनी दरवाजे उघडायला पाहिजेत. एकमेकांच्या धरणात रोज किती येतंय, किती सुटतंय हे दोन्हीकडच्या इंजिनिअरना तासातासाला कळणं याला मी लवादाच्या आकड्यांपेक्षा जास्त मोल देईन.

आणि शेवटी जत. तालुक्याच्या पूर्वेला चाळीसेक गावं आहेत, तिथं म्हैसाळचं पाणी वर्षानुवर्षं पोचलं नाही, म्हणून विस्तारित योजनेचं काम हाती घेतलं. पलीकडं कर्नाटकची तुबची-बबलेश्वर योजना मात्र हद्दीला लागून आलीय आणि तिथनं पाणी उतारानं आपल्या गावांत येऊ शकतं. याच गावांनी कधीकाळी वैतागून कर्नाटकात जायचा ठराव केला होता, २०२२ ला कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी त्याचा दाखला देऊन ती गावं मागितली तेव्हा मोठा गदारोळ झाला. दर उन्हाळ्यात कर्नाटक आपल्याकडं कोयना-वारणेतनं कृष्णेत पाणी सोडा म्हणतं, हद्दीजवळच्या राजापूर बंधाऱ्याच्या खाली नदी कोरडी पडते, अथणी-जमखंडीकडं प्यायला पण नसतं. तेव्हा चर्चा अशी होते की आपण त्यांना नदीतनं द्यायचं, त्यांनी आपल्याला जतला तुबचीतनं द्यायचं. काही वर्षं झाली, करार अजून होतोय. माझा चुलत भाऊ त्या भागात राहतो, त्याच्या रानातनं पलीकडच्या कालव्याचा भराव दिसतो, आणि दर मार्चमध्ये तो मला फोन करून विचारतो की तुमच्याकडं कागदाचं काय झालं.